अमरभाऊंच्या पिक्चरचे लेखक

उमरखेडच्या तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि दुकानाच्या ओट्याला लागून गफ्फारचाचांचं टेबल. तीस वर्षं झाली, ते तिथं लोकांचे अर्ज लिहितात. फेरफाराचे, वारसाचे, हरवलेल्या रेशनकार्डाचे, भावानं बांध कोरल्याचे. एकदा तर एका सासूनं सून मुद्दाम भाजीत मीठ जास्त टाकते म्हणून तहसीलदारांच्या नावे अर्ज लिहून घेतला होता. चाचांनी तोही नीट लिहिला, विषय आणि संदर्भ टाकून.

माणूस किडकिडीत, पांढरी दाढी बारीक कातरलेली, आणि अंगात जराही थारा नाही. दोन ओळी लिहायच्या, उठायचं, रस्त्यापर्यंत जाऊन यायचं, पुन्हा दोन ओळी. अर्ज घेऊन आलेला माणूस खुर्चीत बसलेला आणि लिहिणारा त्याच्याभोवती फिरतोय, असं ते दृश्य असायचं. मी म्हणायची, "चाचा, बसा ना जरा." ते म्हणायचे, "वैष्णवी बेटा, बसलो का मले वाटते काहीतरी राहून गेलं."

वर्षातून एकदा ते रहस्यकथा लिहायचे. नागपूरच्या एका छोट्या दिवाळी अंकात ती छापून यायची. हाताने लिहिलेले कागद माझ्याकडे यायचे, मी टाइप करायची, म्हणून त्यांची पहिली वाचक मी. कथा बऱ्या असायच्या. खुनी मला निम्म्यातच कळायचा, पण ते मी त्यांना कधी सांगितलं नाही.

२०२२ च्या दिवाळीतली कथा दोन भागीदारांची होती. दोघांची मिळून कापसाची जिनिंग. एक जण पावसाळ्यात पुलावरून मोटारसायकलसकट नदीत जातो. सगळे अपघात म्हणतात, आणि शेवटी कळतं की बायकोच्या भावानं इस्टेटीसाठी त्याला मारलं. अंक आला, गेला. मग जानेवारीत एक पांढरी गाडी तहसीलसमोर थांबली आणि तिच्यातून अमरभाऊ उतरले.

अमरभाऊंना आमच्या भागात सगळे ओळखतात. पैनगंगेच्या काठाला त्यांची जिनिंग, रस्त्याला लागून फार्महाऊस, पन्नाशीत काळे कुळकुळीत केस, आणि येत्या बाजार समितीच्या निवडणुकीसाठी आत्तापासून गावभर फ्लेक्स.

"लेखक कोन हाय इथं?" त्यांनी विचारलं.

आमच्या ओळीत पाच अर्ज लिहिणारे बसतात. लेखक म्हणून हाक ऐकून पाचही जण उठले.

"कथा लिहिणारे," भाऊ म्हणाले. तेव्हा चार जण खाली बसले.

भाऊंनी दिवाळी अंक टेबलावर टाकला. "ह्याच्यावर पिक्चर काढून राह्यलो मी. मराठी. पुऱ्या महाराष्ट्रात लागंन. पटकथा तुम्ही लिहायची."

चाचांच्या हातातला पेन खाली पडला. "हिरो कोन घेता, भाऊ?"

"मी," अमरभाऊ म्हणाले. "इन्स्पेक्टर. ते पात्र तुमच्या कथेत नाई. टाकून घ्या."

त्या दिवशी चाचांनी अर्ज लिहिलेच नाहीत. बसस्टँडपर्यंत चार चकरा झाल्या. संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी बायकोला, सुग्राबींना, बातमी सांगितली. सुग्राबी शिवण करतात, बोलताना मशीन थांबवत नाहीत. त्या दिवशी थांबवलं.

"अमरभाऊ के पार्टनर भी तो नदी में गए थे ना?" त्या म्हणाल्या. "तुमने वही लिखा, और वही आदमी पिक्चर बनाने आया?"

"अरे, कहानी है वो!" चाचा चिडले. पण रात्रभर त्यांना झोप आली नाही, हे दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला सांगितलं.

सुग्राबींचं म्हणणं खोटं नव्हतं. अमरभाऊंचे भागीदार सदाशिवराव २०१७ च्या ऑगस्टमध्ये नदीच्या ठेंगण्या पुलावरून वाहून गेले. मोटारसायकल खालच्या डोहात मिळाली, प्रेत दोन दिवसांनी बारा किलोमीटरवर. पूर होता, पुलाला कठडा नव्हता, अपघाताची नोंद झाली. पण त्यांच्या पत्नी विमलताईंनी ते मान्य केलं नाही. पुन्हा चौकशी व्हावी म्हणून त्यांनी तीन वेळा अर्ज दिला, आणि तिन्ही अर्ज गफ्फारचाचांनीच लिहिले होते.

"मंग तुम्ही त्यावरूनच कथा लिहिली?" मी विचारलं.

चाचा रस्त्याकडे बघत राहिले. "वरून म्हणजे काय... डोक्यात राहून गेलतं. खून बायकोच्या भावावर मी लावला. खरं सांगतो, अमरभाऊचं मनातही नव्हतं."

पटकथा फार्महाऊसवर लिहायची होती. रोज सकाळी गाडी यायची. ड्रायव्हर बंटी. नाव बंटी असलं तरी वय चाळीस, पोट सुटलेलं, आणि भाऊंच्या घरचं सगळं त्याच्याच हाती. गाडी, किराणा, आता पिक्चरचं सामानही. दिग्दर्शक म्हणून भाऊंनी सुरभी नावाच्या यवतमाळच्या मुलीला आणलं होतं. पुण्याला जाऊन शिकून आलेली, तिशीतली, तिचा हा पहिलाच पिक्चर. तिला नदी दाखवायची होती, माणसांची शांतता दाखवायची होती. भाऊंना तीन गाणी पाहिजे होती आणि एका गाण्यात जीप उडायला पाहिजे होती.

"जीप कायले उडते, भाऊ?" चाचांनी विचारलं.

"इन्स्पेक्टर हाय मी. जीप नाई उडली तं लोकाइले कसं समजंन?"

चाचा मला रोजचं सांगायचे, आणि सुरुवातीला आम्ही दोघं खूप हसायचो. पण भाऊ पटकथेत जे बदल करत होते ते हळूहळू वेगळेच व्हायला लागले. खुनी मेहुणा त्यांना चालला नाही. खूनच नको म्हणाले. भागीदार दारू पिऊन पुलावर गेला, पडला, आणि जिनिंगच्या मालकाचं नाव बाजारात विनाकारण खराब झालं. मग इन्स्पेक्टर येऊन ते साफ करतो, अशी कथा त्यांनी करून घेतली.

"म्हणजे इन्स्पेक्टर काय शोधतो?" सुरभीनं विचारलं.

"काहीच नाई. काही झालंच नाई, हे शोधते," भाऊ म्हणाले.

निवडणूक जवळ होती. पिक्चर कशासाठी होता, हे आता चाचांना कळत होतं. तरी ते जात राहिले. मी विचारलं, सोडत का नाही. म्हणाले, "बेटा, तीस वर्षं दुसऱ्याच्या नावानं लिहिलं. खाली माह्यी सही कधी नव्हती. पडद्यावर नाव येनार होतं माह्यं."

फेब्रुवारीत एका दुपारी पुलाचा प्रसंग लिहायचा होता. चाचांनी लिहिलं होतं की भागीदार तोल जाऊन पडतो आणि पाण्यात दिसेनासा होतो. भाऊंना ते सपक वाटलं.

"असा नाई पडत माणूस. पाहा," म्हणून ते खुर्चीतून उठले. अभिनयाचं भूत त्यांच्या अंगात चांगलंच शिरलं होतं. चेहरा कसनुसा करून, डोळे बारीक करून ते हवेत हात चाचपडायला लागले. "माहा चष्मा... थांब अमऱ्या, माहा चष्मा दे... मले दिसून नाई राह्यलं..." आणि मागे झेप घेऊन सोफ्यावर पडले.

मग सुरभी म्हणाली, "सर, मस्त. चष्म्याची कल्पना फार चांगली आहे. पण अमऱ्या कोण?"

भाऊ उठून बसले. "तोंडातून गेलं. माहंच नाव आलं. पात्राचं टाका."

चाचा त्या दिवशी गाडीतून न जाता फार्महाऊसवरून चालत निघाले. सात किलोमीटर. माझ्या दुकानात आले तेव्हा अंगरखा पाठीला चिकटला होता.

"मरता मरता माणूस चष्मा मागते, हे कोणाच्या डोक्यातून येत नाई, बेटा," ते म्हणाले. "मी तीस वर्षं लोकाइच्या फिर्यादी ऐकल्या. खोटं सांगनारा वेळ सांगते, तारीख सांगते, साक्षीदार सांगते. जो खरंच तिथं होता, तो काहीतरी फालतू सांगते. बकरी ओरडत होती म्हणते. दादाच्या शर्टाची गुंडी तुटली होती म्हणते."

चाचा प्रत्येक अर्जाची एक प्रत घरी पत्र्याच्या पेटीत ठेवतात. दुसऱ्या दिवशी विमलताईंच्या तिन्ही अर्जांच्या प्रती घेऊन आले. तिसऱ्या अर्जाच्या दुसऱ्या पानावर ओळ होती: "माझ्या यजमानांचा चष्मा आजपर्यंत मिळालेला नाही. सदर चष्म्याच्या उजव्या काडीला तांब्याची तार गुंडाळलेली होती." तेव्हा ती ओळ वाचून सगळ्यांनाच वाटलं होतं, एवढ्या पुरात चष्मा कुठून सापडणार.

ही ओळ वाचल्यावर आम्ही काय करायला पाहिजे होतं, ते आता सांगणं सोपं आहे. तेव्हा आम्ही काहीच केलं नाही. चाचा म्हणाले, एका शब्दावरून कोण ऐकतं. आणि मला भाऊंची भीती वाटत होती. माझ्या दुकानाची जागा ज्याची होती, त्याचं भाऊंकडे रोजचं उठणं-बसणं होतं. चाचांचं जेवण मात्र कमी झालं. टेबलाजवळच्या चकरा वाढल्या. गाडीचा हॉर्न वाजला की ते दचकायचे आणि तरी जाऊन गाडीत बसायचे.

मार्चमध्ये शूटिंग सुरू झालं. नदी आटून दगड उघडे पडले होते, तेव्हा पूर नंतर कॉम्प्युटरवर टाकायचा ठरला. भागीदाराचं काम नेमसिंग सर करत होते. पुसदकडच्या एका तांड्यावरचे शिक्षक, गॅदरिंगच्या नाटकांत गाजलेले, उत्साही माणूस. तेविसावा सीन, सकाळी दहाचा. मी त्या दिवशी दुकान बंद ठेवून शूटिंग बघायला गेले होते, म्हणून हे माझ्या डोळ्यांदेखतचं आहे.

चष्मा भाऊंनीच पटकथेत घातला होता, त्यामुळे चष्मा लागणार होता. सुरभीनं बंटीला सांगितलं. बंटीनं भाऊंना विचारलं. भाऊ मेकअपला बसले होते, म्हणाले, "विकत कायले आनतं? घरात पडला असंन एखादा जुना, तो दे."

बंटीनं फार्महाऊसच्या कपाटातून एक आणून नेमसिंग सरांना दिला. सरांनी घातला आणि पुलाच्या कडेला जाऊन उभे राहिले. चाचा माझ्या शेजारी होते. त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. उजव्या काडीला तांब्याची तार होती. उन्हात चकाकत होती.

सुरभी ओरडली, "अ‍ॅक्शन!"

नेमसिंग सर वळले. समोरून इन्स्पेक्टरच्या वेशातले अमरभाऊ आले. इन्स्पेक्टर भागीदाराला स्वप्नात बघतो, असा तो सीन होता. भाऊंनी तोंड उघडलं, नेमसिंग सरांकडे पाहिलं, आणि तोंड तसंच उघडं राहिलं. चेहऱ्यावरचा पावडरचा थर तेवढा गुलाबी दिसत होता, बाकी माणूस पांढरा. एक पाऊल मागे गेले, मग दुसरं. हात असे समोर धरले, जसं काही कोणाला अडवतायत. नेमसिंग सर कसलेले नट, त्यांनी संवाद म्हणून टाकला, "माहा चष्मा तूच ठेवलास ना?" हे वाक्य पटकथेत नव्हतंच. सरांनी ऐनवेळी घातलं.

भाऊ मटकन खाली बसले.

सुरभीनं कॅमेरा थांबवला नाही. शूटिंग सुरू झाल्यापासून पहिल्यांदा भाऊंकडून अभिनय निघत होता, ती कशाला थांबवते! पूर्ण पावणेदोन मिनिटं. मग "कट!" म्हणून ती टाळ्या वाजवत पळत आली. "सर, ग्रेट! हेच पाहिजे होतं मला!"

भाऊंनी उठून नेमसिंग सरांच्या नाकावरून चष्मा ओढून काढला. "हा नको. दुसरा आना."

"नाही सर, आता तोच लागेल," सुरभी म्हणाली. "पुढच्या शॉटमध्ये वेगळा दिसला तर लोक हसतील." आणि तिनं भाऊंच्या हातातून चष्मा घेतला, चारी बाजूंनी मोबाइलवर त्याचे फोटो काढले, प्लास्टिकच्या पिशवीत टाकला आणि पिशवीवर मार्करनं लिहिलं: सीन २३, तारीख, वेळ. भाऊ बघत राहिले. नाही म्हणायला कारण काय सांगणार? शेवटी म्हणाले, "पिशवी माह्याजवळ राहू द्या," आणि वर्दीच्या खिशात घालून टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला पांढरी गाडी तहसीलसमोर आली. बंटी नव्हता. भाऊ स्वतः चालवत होते.

"चला गफ्फारभाई, पुलाची जागा पाहून येऊ."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी काउंटरमागे उभी, हातात कोणाचा तरी सातबारा. नका जाऊ म्हणायला जीभ उचलली नाही, याची मला अजून लाज वाटते. ते गेले. पुढचं त्यांनी मला जसं सांगितलं तसं सांगते.

भाऊंनी गाडी पुलाच्या मधोमध उभी केली. खाली दगड, दूर दोन म्हशी, माणूस कोणी नाही.

"कथा कोनं सांगितली तुम्हाले?" भाऊंनी विचारलं.

"डोक्यातून आली, भाऊ."

"डोक्यात कोनं टाकली? विमलबाईनं?"

भाऊ उतरले, दुसऱ्या बाजूला येऊन त्यांनी चाचांचं दार उघडलं. "उतरा. पाहा, इथून कसं दिसते."

चाचा उतरले. कडेपासून दीड हात.

"एक विचारतो," भाऊ म्हणाले. "लेखक मध्येच गेला, तं पिक्चर थांबते का?"

चाचा सांगतात, त्या क्षणी त्यांना ना अल्ला आठवला, ना सुग्राबी. त्यांना आठवला वारसाचा अर्ज. तोंड आपोआप चालायला लागलं.

"थांबते ना, भाऊ! कथेचा हक्क माह्या नावावर हाय. मी गेलो का वारस लागतात. पहिले मृत्यूचा दाखला. मंग वारस प्रमाणपत्र, त्याले कोर्टाची तारीख, पेपरात जाहीर नोटीस. सुग्राबीची सही, चार लेकराइची ना-हरकत. मोठा दुबईले हाय, त्याचं मुखत्यारपत्र तिथल्या वकिलातीतून येईन तवा येईन. धाकट्या पोरीचा नवरा तं असा हाय का तो लग्नाच्या रजिस्टरवरबी सही करत नव्हता. स्टॅम्पपेपरवर सगळ्याइचे अंगठे, दोन साक्षीदार, आधार कार्डाच्या प्रती. एखादं नाव चुकलं का पुन्हा पहिल्यापासून. पाच वर्षं धरा, भाऊ. निवडणूक निघून जाईन."

अमरभाऊ ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरत गेला. सदाशिवराव गेल्यापासून जिनिंग अर्धी विमलताईंच्या नावावर होती आणि त्या कशावरच सही देत नव्हत्या. सहा वर्षांत भाऊंना ती जिनिंग ना विकता आली ना गहाण टाकता आली.

"एक सही नाई देत बाई," ते एकदम कळवळून म्हणाले. "सहा वर्षं! एक सही!"

"वारस लई वाईट असतात, भाऊ," चाचा म्हणाले.

भाऊंनी थोडा वेळ दगडांकडे पाहिलं. मग गाडीत जाऊन बसले. "बसा. ऊन लागते."

तहसीलसमोर उतरल्यावर चाचा माझ्या दुकानाच्या मागे जाऊन ओकले. तोंड धुतलं, आणि म्हणाले, "कुलूप लाव, बेटा. विमलताईकडे जाऊ."

विमलताई बसस्टँडमागच्या गल्लीत राहतात. तुरीच्या शेंगांतले सोले निवडत बसल्या होत्या. चाचा दारातच उभे राहिले.

"ताई, पहिले माफी मागायची हाय. तुमच्या अर्जातून मी कथा केली."

"वाचली मी," त्या म्हणाल्या. "माह्या भावाले खुनी केलं तुम्ही, गफ्फारभाऊ. तो दोन महिने माह्याशी बोलला नाई."

चाचांची मान खाली गेली. मग त्यांनी चष्म्याचं सांगितलं. पूर्ण ऐकून होईपर्यंत विमलताईंचे हात सोल्यांत तसेच होते. रडल्या नाहीत. आत गेल्या आणि एक फोटो घेऊन आल्या. पुतणीच्या लग्नातला, सदाशिवराव पंगतीत वाढतायत, कानाजवळ तार स्पष्ट दिसते. आणि चष्म्याच्या दुकानाची नंबर लिहिलेली पावती. सहा वर्षं त्यांनी ती देवघरातल्या पोथीत जपून ठेवली होती.

"तार मीच गुंडाळली होती," त्या म्हणाल्या. "नवीन घ्या म्हणलं, तं म्हणे चालते ना."

आता राहिली सुरभी. तिच्या पहिल्या पिक्चरचं निम्मं शूटिंग झालेलं. तिनं नाही म्हटलं असतं तर मी तिला दोष दिला नसता. संध्याकाळी ती चाचांना शोधत आपणहून माझ्या दुकानात आली, शटर अर्धं खाली ओढलं आणि बॅगेतून हार्डडिस्क काढली.

"मला काहीच सांगू नका," ती म्हणाली. "मी तो शॉट शंभर वेळा बघितलाय. आधी मला वाटलं माणूस किती छान काम करतोय. काल रात्री वाटलं, हा काम करतच नाहीये. भाऊंना मेमरी कार्ड पाहिजे होतं, ते दिलं मी. ही दुसरी कॉपी आहे."

आम्ही त्यातून सात चित्रं चकचकीत कागदावर काढली. चाचांनी विमलताईंचा चौथा अर्ज लिहायला घेतला. अकरा वेळा फाडला. "सदर", "उपरोक्त", "विनंती विशेष" असले सगळे शब्द त्यांनी एकेक करून काढून टाकले. शेवटी दीड पान उरलं.

विमलताई, चाचा आणि मी, आम्ही तिघं एस.टी.नं पुसदवरून यवतमाळला पोलिसांच्या मोठ्या कचेरीत गेलो. जागा होती, तरी चाचा पूर्ण रस्ता दांडा धरून उभे. तिथल्या अधिकारी बाईंनी अर्ज दोनदा वाचला, फोटो आणि चित्रं शेजारी शेजारी ठेवली, आणि विचारलं, "हा अर्ज कोणी लिहिला?"

"मी," चाचा घाबरून म्हणाले.

"चांगला लिहिला आहे."

परतीच्या गाडीत ते एवढंच दोनदा म्हणाले, "चांगला लिहिला म्हणल्या." घाबरलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर एवढा आनंद मी कधी बघितला नव्हता.

पोलिसांनी आधी गुपचूप बंटीला बोलावलं. बंटी काही लपवण्यातला माणूस नव्हता. २०१७ च्या पावसाळ्यात गाडी धुताना पुढच्या सीटखाली चष्मा सापडला, कोणाचा ते माहीत नव्हतं, म्हणून फार्महाऊसच्या कपाटात ठेवून दिला, एवढं त्यानं सरळ सांगून टाकलं. भाऊंना विचारायचं राहून गेलं म्हणाला.

पकडायला पोलीस आले तेव्हा शूटिंग चालू होतं. बाजाराचा दिवस, भाजीच्या रांगेत सीन, हजारभर लोक बघायला. अमरभाऊ इन्स्पेक्टरच्या वर्दीत. खऱ्या साहेबांच्या खांद्यावर दोन तारे, भाऊंच्या तीन. साहेबांबरोबरच्या एका शिपायानं सवयीनं भाऊंनाच सॅल्यूट ठोकला. साहेब म्हणाले, "चला आमच्याबरोबर." लोकांना वाटलं हाही सीनच. शिट्ट्या पडल्या. भाऊंनी हिसका दिला तेव्हा टाळ्या झाल्या. त्यांना जीपमध्ये बसवलं, आणि कांद्याच्या ढिगामागून कोणीतरी ओरडलं, "वन्स मोर!"

झडतीत वर्दीच्या खिशातून पिशवी निघाली. सीन २३, तारीख, वेळ. तीन आठवडे ते ती घेऊन फिरत होते. नदीत टाकायला गेलं की कोणीतरी फोटो काढायला मागे यायचं, असं नंतर त्यांनीच कबुलीत सांगितलं. त्या पुराच्या दिवशी सदाशिवरावांना हिशेबाचं बोलायला गाडीत बसवलं होतं, आवाज चढला, हात उचलला, चष्मा खाली पडला, आणि बाहेर उतरून चाचपडणाऱ्या माणसाला एक धक्का. मोटारसायकल मागाहून ढकलली. नंतर वकिलाच्या सांगण्यावरून ते सगळं फिरवलं.

पुसदच्या कोर्टात चाचांची साक्ष झाली तेव्हा भाऊंच्या वकिलांनी त्यांना बरंच सोलून काढलं.

"तुम्ही रहस्यकथा लिहिता?"

"हो."

"कथेत खोटं असतं?"

"असते, साहेब."

"ह्या प्रकरणाची कथा तुम्ही आधीच लिहिली होती. मग बाकीचीही तुम्हीच रचली, असं का म्हणू नये?"

चाचा साक्षीच्या पिंजऱ्यातसुद्धा या पायावरून त्या पायावर होत होते. म्हणाले, "साहेब, माह्या कथेत खुनी मेहुना हाय. मी चुकलतो. आन् पुऱ्या कथेत चष्मा कोठीच नाई. मले सुचलाच नाई. माह्यी तेवढी अक्कल असती तं मी मोठा लेखक झालो असतो."

न्यायाधीशांनी खाली बघून काहीतरी लिहिलं. वकील बसले.

गेल्या वर्षी निकाल लागला, जन्मठेप. वर अपील चालू आहे. पिक्चर अर्थातच झाला नाही. सुरभी यवतमाळला लग्नांचे व्हिडिओ करते आणि दुसऱ्या पिक्चरसाठी पैसे लावणारा माणूस शोधते. विमलताईंनी जिनिंगमधला आपला हिस्सा भाड्यानं दिला. भाऊंना हे कळलं तर काय वाटेल कोण जाणे, पण भाडेपट्ट्यावर विमलताईंनी पहिल्या दिवशी, एका दमात, सह्या करून टाकल्या.

नागपूरच्या संपादकांनी चाचांना खरी हकिगत लिहायला सांगितली. चाचा नाही म्हणाले. दोन दिवाळ्या झाल्या, त्यांची कथा नाही.

पण टेबलासमोरची गर्दी वाढली, आणि ती वेगळीच आहे. लोक महागावहून, पुसदवरून येतात, आणि फेरफाराचा कागद काढत नाहीत. माझा भाऊ विहिरीत पडला होता, म्हणतात. बहीण स्टोव्हनं गेली म्हणे, पण आम्हाला तसं वाटत नाही. चाचांना या लोकांना कसं परतवायचं ते कळत नाही. काहींचं खरं असेल, बऱ्याच जणांचं नुसतं दुःख असतं. ते रस्त्यापर्यंत जातात, येतात, पुन्हा जातात. सुग्राबी म्हणतात झोपेतही ते कोणाला तरी तारीख विचारतात.

परवा एका तांड्यावरून मानीबाई नावाची म्हातारी आली होती. मुलगा चार वर्षांपूर्वी ट्रॅक्टरखाली गेला. कागद एकही नाही, साक्षीदार नाही, नुसती आली आणि खुर्चीत बसली. चाचा रस्त्यापर्यंत जाऊन आले. मग कोरा कागद ओढून त्यांनी विचारलं, "त्या दिवशी त्याच्या खिशात काय काय होतं, मावशी?"

मानीबाईनं डोळे मिटले आणि आठवायला लागली. "बिडीचं बंडल," ती म्हणाली. "कंगवा. आन् पोरीसाठी घेतलेली एक रिबिन. हिरवी."

चाचांनी लिहून घेतलं.